औषध भांडारापासून मनगटपट्ट्यापर्यंत: रुग्णालयातील बारकोड प्रकल्पाच्या नोंदी

औषध भांडाराची जबाबदारी माझ्याकडे आहे. संगणक प्रणाली सांभाळणारा एक सहकारी, वॉर्डांच्या वतीने एक ज्येष्ठ सिस्टर आणि खरेदी विभागातील एक जण अशा चौघांनी औषधे आणि रुग्णांचे मनगटपट्टे बारकोडने स्कॅन करण्याचे हे काम हाती घेतले. या नोंदी काम चालू असतानाच लिहिल्या. नंतर भाषा थोडी सारखी केली, चुका मात्र तशाच ठेवल्या आहेत.

८ जानेवारी

पहिली चूक प्रकल्प सुरू होण्याआधीच झाली होती. भांडारातल्या मालावर कोणकोणते कोड छापलेले आहेत हे न पाहताच स्कॅनर मागवले गेले होते. आज खोकी उघडली, तेव्हा चौदाच्या चौदा स्कॅनर लेझरचे निघाले. लेझर स्कॅनरला उभ्या रेषांचा बारकोड वाचता येतो, पण डेटामॅट्रिक्स, म्हणजे बारीक ठिपक्यांचा चौकोनी कोड, त्याच्या आवाक्याबाहेरचा असतो. त्यासाठी चित्र टिपून वाचणारा स्कॅनरच लागतो. औषधाच्या छोट्या खोक्यावर बॅच आणि एक्स्पायरी बहुतेक वेळा त्या चौकोनातच असते. पाच स्कॅनर माल उतरवून घेण्याच्या टेबलासाठी ठेवले, कारण मोठ्या खोक्यांवरचा रेषांचा जीएस१-१२८ हा कोड ते वाचतात. उरलेले नऊ परत घेण्यास विक्रेत्याने नकार दिला. स्कॅनरसाठीची तरतूद त्यामुळे जवळपास दुप्पट करून मागावी लागली आणि मंजुरीत तीन आठवडे गेले.

१५ जानेवारी

मधल्या काळात कोडांची शिरगणती केली. भांडारातले दोघे आणि मी, रोज दुपारी दोन तास, असे पाच दिवस लागले. मालाचे पाच गट पडले. काहींवर डेटामॅट्रिक्स होता आणि त्यात वस्तूचा १४ अंकी जागतिक क्रमांक, म्हणजे जीटीआयएन, शिवाय बॅच आणि एक्स्पायरी होती. काहींवर फक्त १३ अंकी रेषांचा कोड होता, ज्यातून वस्तू कळते, बॅच कळत नाही. काही उपकरणांवर अधिकच्या चिन्हाने सुरू होणारा एचआयबीसी या आरोग्य क्षेत्रातल्या वेगळ्या पद्धतीचा कोड होता. काहींवर क्यूआर होता, पण तो कंपनीच्या जाहिरातीच्या पानावर नेणारा. ओळख पटवण्यासाठी त्याचा काडीचाही उपयोग नाही. आणि पाचवा गट कोडच नसलेला.

रक्ताच्या पिशव्या आम्ही जाणीवपूर्वक बाहेर ठेवल्या. त्यांच्यासाठी आयएसबीटी १२८ हे स्वतंत्र मानक आहे आणि रक्तपेढी ते आधीपासून वापरते. आमच्या प्रणालीला एवढेच शिकवायचे ठरले की असा कोड समोर आला तर ‘हा रक्तपेढीचा आहे’ असे सांगून थांबावे. ओढूनताणून अर्थ लावू नये.

२२ जानेवारी

धोरण ठरले: उत्पादकाने छापलेला कोड जिथे वाचता येतो तिथे तोच वापरायचा, आपले लेबल फक्त कोड नसलेल्या वस्तूंना. लिहायला हे सोपे आहे, पण गेली काही वर्षे आमच्याकडे प्रत्येक खोक्यावर भांडाराच्या पाच अंकी क्रमांकाची चिकटपट्टी लावण्याची रीत होती, आणि मोकळी जागा पाहून ती बहुतेक वेळा नेमकी उत्पादकाच्या कोडावरच बसे. ही चिकटपट्टी बंद करताना दोन जुन्या सहकाऱ्यांची नाराजी ओढवली, कारण तो पाच अंकी क्रमांक त्यांना पाठ आहे. तडजोड म्हणून तो क्रमांक आता फक्त फळीवर लावला आहे.

२९ जानेवारी

कोड नसलेल्या वस्तूंना क्रमांक देताना झालेली चूक इथे सविस्तर लिहितो, कारण ती सहज होण्यासारखी आहे. सहकाऱ्याने एका ओळखीच्या उत्पादनाचा १३ अंकी क्रमांक घेतला, त्याचे मधले तीन अंक बदलले, शेवटचा तपासणी अंक नव्याने काढला आणि आमच्या ड्रेसिंगच्या पाकिटांवर ती मालिका छापली. तपासणी अंक बरोबर असल्यामुळे प्रणालीने काहीच कुरकुर केली नाही. आज त्याच उत्पादकाचे एक नवे मलम आले, ते स्कॅन केले आणि पडद्यावर आमचे ड्रेसिंगचे पाकीट उमटले. क्रमांकाचा सुरुवातीचा भाग त्या कंपनीला दिलेला असतो, त्यामुळे त्यापुढचे सगळे क्रमांक तिचेच. तपासणी अंकाने अंक चुकल्याचे कळते, क्रमांक कोणाचा आहे हे कळत नाही.

संस्थेच्या आतल्या वापरासाठी जीएस१ मानकात, म्हणजे हे जागतिक क्रमांक आणि कोड ठरवणाऱ्या नियमांत, ०४० ते ०४९ या उपसर्गांची मालिका राखून ठेवलेली आहे. ती बाहेरच्या कोणत्याही मालावर येत नाही. सगळी लेबले त्या मालिकेत नव्याने छापली. लेबलांची सहा रिळे फुकट गेली आणि दोन दिवस जुनी लेबले खरवडण्यात गेले.

६ फेब्रुवारी

नवे स्कॅनर आले. पहिल्याच दिवशी एका प्रतिजैविकाच्या कुपीची बॅच पडद्यावर ‘के४५२१७२७०६३०’ अशी आली आणि एक्स्पायरीचा रकाना कोरा राहिला. खोक्यावर साध्या डोळ्यांना दिसणारी बॅच ‘के४५२’ एवढीच होती.

संध्याकाळपर्यंत कारण हाती लागले. या कोडात प्रत्येक माहितीच्या आधी तिची ओळख सांगणारा आकडा असतो: ०१ म्हणजे वस्तू, १७ म्हणजे एक्स्पायरी, १० म्हणजे बॅच, २१ म्हणजे अनुक्रमांक. वस्तूचा क्रमांक १४ अंकी आणि तारीख ६ अंकी ठरलेली आहे, पण बॅच २० अक्षरांपर्यंत कितीही लांब असू शकते. म्हणून तिच्यानंतर आणखी काही यायचे असेल तर मध्ये एक न दिसणारे विभाजक चिन्ह घालतात. आमचे स्कॅनर कीबोर्डसारखे जोडलेले होते, आणि कीबोर्डवर त्या चिन्हाची कळच नसल्यामुळे ते वाटेतच गळून पडत होते. बॅचने पुढचा १७ आणि अख्खी तारीख, २७०६३०, गिळून टाकली होती.

सहकाऱ्याने रात्री बसून एक उपाय केला: मजकुरात ‘१७’ शोधायचा आणि तिथे तोडायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी १७ हे अंक बॅचमध्येच असलेली सलाइनची बाटली आली आणि उपाय तिथेच मोडला.

९ फेब्रुवारी

टिकलेला उपाय असा. स्कॅनरच्या सेटिंगमध्ये विभाजक चिन्हाच्या जागी उभी रेघ पाठवायला सांगितले. उभी रेघच निवडली, कारण बॅच आणि अनुक्रमांकात चालणाऱ्या ८२ अक्षरांच्या यादीत ती नाही; म्हणजे ती खऱ्या बॅचमध्ये येण्याचा प्रश्नच नाही. आधी तिरकी रेघ घेतली होती, ती यादीत आहे, म्हणून बदलली. त्याबरोबर प्रत्येक वाचनाच्या आधी कोडाचा प्रकार सांगणारी तीन अक्षरे पाठवण्याची सोय चालू केली. ‘]डी२’ आले तरच तो जीएस१ मानकाप्रमाणे भरलेला डेटामॅट्रिक्स, ‘]डी१’ आले तर तो उत्पादकाने स्वतःच्या सोयीने छापलेला, आणि त्याची सुरुवात योगायोगाने ०१ ने झाली तरी त्याचा अर्थ लावायचा नाही.

प्रत्येक स्कॅनरला ही सेटिंग स्वतंत्रपणे द्यावी लागते. सेटिंगचे कोड एका कागदावर छापून, प्लास्टिकमध्ये घालून भांडाराच्या कपाटाला लावले आहेत. दुरुस्तीहून परत आलेला स्कॅनर मूळ सेटिंगवर आलेला असतो, हे आम्हांला मार्चमध्ये एकदा पुन्हा शिकावे लागले.

१४ फेब्रुवारी

आज सकाळी प्रणालीने चाळीसेक वस्तू मुदतबाह्य ठरवल्या. सगळ्यांत साम्य एकच: कोडातल्या तारखेचा दिवस ‘००’ होता. त्याचा अर्थ त्या महिन्याचा शेवटचा दिवस असा होतो. आमच्या प्रणालीने मात्र महिन्याचा शून्यावा दिवस म्हणजे आधीच्या महिन्याचा शेवटचा दिवस असा हिशेब केला, आणि फेब्रुवारीअखेरचा माल जानेवारीअखेरचा झाला. दुरुस्ती एका ओळीची होती. पण तोपर्यंत एका वॉर्डाने दोन खोकी नष्ट करण्याच्या टोपलीत टाकली होती. ती वेळीच परत मिळाली.

२१ फेब्रुवारी

साठ्याची मोजणी जुळेना. भूल देण्याच्या एका औषधाच्या २४ कुपी फळीवर होत्या आणि पडद्यावर ३. माल घेताना मोठे खोके स्कॅन केले होते आणि प्रत्येक खोके एक नग धरले गेले होते.

कुपी, तिचे छोटे खोके आणि बाहेरचे मोठे खोके या तिघांचे जीटीआयएन वेगवेगळे असतात. १४ अंकांतला पहिला अंक वेष्टनाचा स्तर दाखवू शकतो, म्हणून आम्हांला वाटले की तो काढून शून्य लावले की आतल्या नगाचा क्रमांक मिळेल. तसे होत नाही. एक तर पहिला अंक बदलला की तपासणी अंक बदलतो. दुसरे म्हणजे कित्येक उत्पादक मोठ्या खोक्याला पूर्णपणे वेगळाच क्रमांक देतात. शेवटी प्रत्येक क्रमांकासमोर ‘आत कोणता क्रमांक, किती नग’ असा तक्ता हाताने भरला. अनोळखी क्रमांक आला की प्रणाली आता नगांची संख्या विचारते आणि दोघांच्या सहीशिवाय ती पुढे सरकत नाही. हा तक्ता भरायला अकरा दिवस लागले. सगळ्या प्रकल्पातले हे सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत उपयोगी काम.

२८ फेब्रुवारी

तक्ता भरण्यासाठी पुरवठादारांकडून याद्या मागवल्या होत्या. दोन याद्यांत सुरुवातीची शून्ये गळालेली होती आणि एकीत प्रत्येक क्रमांक ‘ई+१३’ अशा शेपटीसह आला, कारण स्प्रेडशीटने त्याला मोठी संख्या समजून शेवटचे अंक लपवले होते. क्रमांकाचा रकाना आधी मजकूर म्हणून ठरवावा आणि मगच त्यात चिकटवावे, एवढी सूचना पत्रात घातली. उलट दिशेने आम्हीही तीच चूक एकदा केली, ही बाब पत्रात घातली नाही.

वॉर्ड, कपाटे आणि भांडार यांना १३ अंकी स्थान-क्रमांक, जीएलएन, दिले. आमच्या जुन्या यादीतला ‘चौथा वॉर्ड’ आता दुसऱ्या मजल्यावर आहे आणि चौथ्या मजल्यावर वेगळेच काही आहे. म्हणून क्रमांकात मजला किंवा विभाग गुंफण्याचा मोह टाळला.

१० मार्च

आता रुग्णाची ओळख पटवणारे मनगटपट्टे. पहिल्या खेपेत पट्ट्यावर रेषांचा कोड छापला होता. सपाट टेबलावर तो झटकन वाचला गेला, मनगटावर गुंडाळला की दोन्ही टोके वळून दृष्टीआड जात. मुलांच्या वॉर्डात एकही पट्टा पहिल्या प्रयत्नात वाचता आला नाही. मग डेटामॅट्रिक्स घेतला. तोही अर्ध्या पट्ट्यांवर वाचला जाईना, कारण आम्ही एका ठिपक्याचा आकार ०.३० मिलिमीटर मागितला होता. आमचा प्रिंटर २०३ डीपीआयचा (इंचाला २०३ बिंदू), म्हणजे त्याचा एक बिंदू ०.१२५ मिलिमीटरचा, ०.३० मध्ये असे २.४ बिंदू बसतात. प्रिंटर अर्धवट बिंदू छापू शकत नाही, म्हणून त्याने काही ठिपके दोन बिंदूंचे आणि काही तीनचे केले. आकार ०.३७५ केला, म्हणजे नेमके तीन बिंदू, आणि कोड स्वच्छ आला. चौकोन तरीही सात मिलिमीटरच्या आत बसतो. तो पट्ट्यावर एकाच ठिकाणी न छापता अंतराअंतराने पाच वेळा छापला, त्यामुळे झोपलेल्या रुग्णाचा हात उलटावा लागत नाही.

उष्णतेने थेट काळा होणारा कागद चौथ्या दिवशी फिका पडला. हात निर्जंतुक करण्याच्या द्रवाने छपाई विरघळत होती. रेझिन रिबनची, म्हणजे शाईच्या फितीतून उमटणारी, छपाई आणि त्याला चालणारा पट्टा घेतला. एका पट्ट्याचा खर्च साधारण दीडपट झाला, पण पुन्हा छापण्याचे प्रमाण इतके घटले की महिनाअखेरीस फरक जाणवला नाही.

२४ मार्च

दोन वॉर्डांत औषध देताना स्कॅनिंग सुरू झाले. आठवडाभरात वाचनाचे प्रमाण शंभर टक्क्यांच्या जवळ गेले आणि मला शंका आली, कारण वळलेले, ओले, पांघरुणाखालचे पट्टे इतके छान वाचले जाणार नाहीत. रात्री साडेदहाला वॉर्डात गेलो. औषधांच्या गाडीच्या हँडलला आतल्या बाजूने पट्ट्यांच्या प्रतींची माळ लावलेली होती, खाटेच्या क्रमाने. सिस्टर आधी गाडीवरची प्रत आणि औषध स्कॅन करत आणि मग खाटेकडे जात.

रागावण्यात अर्थ नव्हता. रुग्ण झोपलेला, स्कॅनरची तार खाटेपर्यंत पोहोचत नाही, बॅटरीवाला एकच स्कॅनर आणि तो चार्जिंगला. त्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अशा पळवाटांचे १५ प्रकार आणि त्यांची ३१ कारणे नोंदवली होती, आणि दुसरीकडे लावलेली पट्ट्याची प्रत हा त्यांतला अगदी नेहमीचा प्रकार आहे. कारणे काढली तरच पळवाट जाईल हे मान्य करून तीन गोष्टी केल्या. प्रत्येक गाडीला बिनतारी स्कॅनर आणि एक भरलेली जादा बॅटरी दिली. केसपेपरवरच्या लेबलातून रुग्णाचा कोड काढून तिथे फक्त कागदाचा क्रमांक ठेवला. आणि पट्ट्यावर ८०१८ या ओळखीने रुग्णाचा १८ अंकी क्रमांक, त्यापुढे ८०१९ या ओळखीने पट्टा कितव्यांदा छापला तो आकडा घातला. नवा पट्टा निघाला की आधीचे सगळे बाद होतात. माळेतली प्रत स्कॅन केली तर ‘हा पट्टा जुना आहे’ असे येते.

२ एप्रिल

सगळ्यांत धोकादायक गोष्ट शेवटी सापडली, आणि तीही योगायोगाने. चाचणीसाठी मी मुद्दाम चुकीच्या रुग्णाचे औषध स्कॅन केले. पडदा लाल झाला, पण त्याआधीच स्कॅनर नेहमीच्या आनंदी आवाजात वाजला होता. शेजारी उभ्या सिस्टर म्हणाल्या, “सर, वाजलं की आम्ही पुढे जातो. पडदा गाडीच्या मागच्या बाजूला असतो, तो कोण बघणार?”

तो आवाज स्कॅनरचा स्वतःचा होता. कोड वाचता आला एवढेच तो सांगत होता. औषध बरोबर की चूक हे प्रणाली ठरवते आणि ते त्याच्या नंतर ठरते. दहा दिवस आमच्याकडे प्रत्येक चुकीला होकाराचा आवाज मिळाला असता. सुदैवाने नोंदी तपासल्यावर त्या काळात नाकारलेली सातच वाचने निघाली आणि सातही वेळा कागदी चार्टवरून चूक आधीच लक्षात आली होती. स्कॅनरचा स्वतःचा आवाज बंद केला. आता प्रणालीने होकार दिला तर एक छोटा आवाज आणि नकार दिला तर तीन लांब आवाज व कंपन येते. पडदा पुढच्या बाजूला वळवण्यासाठी गाडीला भोके पाडावी लागली.

१६ एप्रिल

कापलेल्या गोळ्यांच्या पट्टीचा प्रश्न. दहा गोळ्यांच्या पट्टीवर कोड एकाच टोकाला असतो; चार गोळ्या कापून दिल्या की त्यांची बॅच हरवते. भांडारातच एकेक गोळी पाकिटात घालून लेबल लावायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी एकाच औषधाच्या दोन मात्रांची लेबले एकामागोमाग छापली गेली आणि पहिल्या मात्रेचे उरलेले एक लेबल प्रिंटरच्या तोंडाशी राहिले. ते दुसऱ्या मात्रेच्या पहिल्या पाकिटावर बसले. अखेरची मोजणी करताना एक लेबल जादा उरले म्हणून कळले.

आता टेबलावर एका वेळी एकच औषध असते, छापलेली आणि वापरलेली लेबले मोजून लिहिली जातात आणि पहिले व शेवटचे पाकीट मूळ पट्टीबरोबर स्कॅन करून पडताळले जाते. त्यामुळे वेग निम्मा झाला. म्हणून सगळ्या गोळ्यांऐवजी जास्त जोखमीच्या औषधांपुरतेच हे काम ठेवले आहे.

७ मे

बॅच परत बोलावण्याची रंगीत तालीम. सकाळी नऊला खरेदी विभागाने एका इंजेक्शनची बॅच सांगितली. मागच्या वर्षी अशा खऱ्या प्रसंगी वह्या चाळण्यात अख्खी दुपार गेली होती. या वेळी बॅचच्या ४० कुपींपैकी १२ रुग्णांना दिल्याची यादी आणि उरलेल्या २८ कुठे आहेत त्याची यादी चहा येण्याच्या आत निघाली. प्रत्यक्ष फिरून पाहिले तेव्हा २५ कुपी सांगितलेल्या जागी होत्या. दोन सीलबंद आपत्कालीन गाडीत निघाल्या. गाडी भरताना स्कॅन करण्याचे आमच्या यादीतच नव्हते, ते घातले. तिसरी शेजारच्या वॉर्डाने रात्री उसनी नेली होती आणि तिची नोंद फक्त उसनवारीच्या वहीत होती.

उसनवारीसाठी दोन स्कॅनचा एक पडदा सहकाऱ्याने बनवला: देणारे कपाट आणि कुपी. सिस्टरांनी तो आठवडाभर वापरून पाहिला. रात्री दोनला शेजारून कुपी मागायला आलेल्या माणसाला वहीत एक ओळ लिहून लगेच परत जाता येते. पडद्यावर आधी लॉगिन करावे लागते. ओळखपत्र स्कॅन करून लॉगिन होईल अशी सोय मागितली आहे. तोवर वही चालू आहे आणि दररोज सकाळी तिच्यातल्या ओळी भांडारातला एक जण प्रणालीत चढवतो.